छताकडे कोण बघतंय?

बायपासवरच्या जुन्या कापूस गोदामात 'लाउंज' सुरू झालं आणि गावात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणतो, गावाची संस्कृती बुडाली, पोरं हाताबाहेर चालली, हे बंद झालंच पाहिजे. दुसरा म्हणतो, आमच्या पोरांनी काय जन्मभर चौकातल्या टपरीवरच बसायचं का? पुण्यात चालतं ते इथे का चालत नाही? दोन्हीकडून निवेदनं निघाली. मला दिवसातून दहा फोन येतात, "तुम्ही पत्रकार, तुमची भूमिका काय?"

भूमिका सांगतो. पण आधी एक प्रश्न विचारतो, जो दोन्ही तटांपैकी अजून कुणी विचारलेला नाही. त्या गोदामाच्या छताला जे कापड ताणलंय, ते कसलं आहे?

हसू नका. ६ डिसेंबरच्या मध्यरात्री गोव्यात हडफडे, म्हणजे आरपोऱ्याला, नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यातले २० जण तिथे नोकरीला होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा लांबच्या भागांतून पोटासाठी आलेली पोरं. आत कार्यक्रम चालू असताना उडवलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांमुळे आग लागली, असं तिथल्या सरकारनेच सांगितलंय. वरच्या लाकूड-बांबूच्या सजावटीने पेट घेतला. बरेच जण खाली तळघराकडे धावले आणि धुरात कोंडले गेले. रस्ता अरुंद, त्यामुळे बंब दारापर्यंत पोचू शकले नाहीत. पंचायतीने ते बांधकाम पाडायची नोटीस आधीच काढलेली होती, तिला वरून स्थगिती मिळालेली होती.

आपण सगळ्यांनी मोबाइलवर ते व्हिडिओ पाहिले, दोन दिवस हळहळलो, आणि तिसऱ्या दिवशी परत संस्कृतीवर भांडायला बसलो. आता थर्टी फर्स्ट तोंडावर आलाय. म्हणून एवढं लांब लिहितोय. वेळ काढून वाचा.

माझं म्हणणं एका वाक्यात असं आहे. क्लबवरून आपण भांडतो ते नीती-अनीतीवरून, पण तिथे माणसं मरतात ती कापडामुळे, फोममुळे आणि बंद दारामुळे. आणि त्यावर बोलायला दोन्ही तटांना सवड नाही.

आता त्या लाउंजबद्दल. मालक ओळखीचे आहेत. त्यांनी मला भरदिवसा आत नेऊन सगळं दाखवलं, काही लपवलं नाही, हे आधी नमूद करतो. दिवसा ते गोदामच आहे. वर पत्रा, लोखंडी कैच्या, खाली कोबा. रात्री मात्र ओळखू येत नाही. सात-आठ लाखांच्या इंटिरियरमध्ये एवढा फरक कसा पडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. ते समजलं की धोका कुठे आहे तेही समजतं.

क्लबचा माहोल तीन गोष्टींनी बनतो. कापड, उजेड आणि आवाज.

कापडाचं काम दोन प्रकारचं. पत्रा आणि कोबा आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. रिकाम्या गोदामात टाळी वाजवून बघा, कशी घुमते. अशा जागेत गाणं लावलं तर नुसता कल्ला होतो, शब्द कळत नाही. चुण्या पाडून जाड कापड लावलं की वरच्या पट्टीचा कर्कशपणा ते पिऊन टाकतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं. दुसरं काम डोळ्यांसाठी. २० फूट उंच छताखाली माणसाला एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटतं. तेच कापड मधोमध झोळ देऊन खाली आणलं की जागा जवळची वाटते, उबदार वाटते. यात परदेशी काही नाही. शामियाना, कनात, झालर हेच करत आलेत. आपल्या मांडववाल्यांना हे शिकवावं लागत नाही.

उजेडाचं काम म्हणजे काय दाखवायचं आणि काय नाही, हे ठरवणं. टेबलावर पिवळसर मंद उजेड, भिंती काळ्या, कोपरे अंधारात. पिवळ्या उजेडात चेहरे चांगले दिसतात आणि भिंत दिसली नाही की जागा मोठी वाटते. नाटकवाल्यांना हे कधीपासून माहीत आहे. न्यू यॉर्कचा 'स्टुडिओ ५४' हा गाजलेला क्लब १९७७ मध्ये उभा राहिला तोच मुळात एका जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत, आणि तिथली रोषणाई रंगभूमीची प्रकाशयोजना करणाऱ्यांच्या हातची होती. नाचायच्या जागेवर फिरते झोत, आपल्याकडे ज्याला सरसकट 'शार्पी' म्हणतात ते. झोत हवेत दिसावा म्हणून फॉग मशीनचा धूर.

आवाजाचं काम अंगावर. जेवताना संथ गाणी, साडेनऊनंतर जरा वेगवान, पुढे मिनिटाला १२० च्या आसपास ठोके आणि बेस असा की छातीत वाजतो. गर्दीला कधी बसवायचं आणि कधी उठवायचं, हे डीजेच्या हातात असतं.

ही कला आहे. मेहनतीची कला आहे. ती करणारी आपल्याच गावातली इलेक्ट्रिशियन, सुतार, डेकोरेटर पोरं आहेत. त्यांचं कौतुकच आहे मला.

पण आता हेच तिन्ही उलटे करून बघा.

कापड लपवतं. छताचा पत्रा लपवतं, तसंच वरून गेलेलं वायरिंग लपवतं, सैल जोड लपवतो, आणि बऱ्याचदा मागचं दारही लपवतं, कारण पडद्यामागे दार दिसलं तर 'लूक' बिघडतो. मंद उजेड दिसू देत नाही. बाहेर पडायच्या मार्गाची हिरवी पाटी डोळ्याला खुपते म्हणून तिच्यावर टेप लावणारे महाभाग मी पाहिलेत. फॉग मशीनच्या धुरात खरा धूर पहिले काही क्षण कळतच नाही, आणि धूर ओळखणारं यंत्र सारखं बोंबलतं म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवतं. आवाज ऐकू देत नाही. कुणी "आग, आग" ओरडला तरी शेजारच्याला ते गाण्यातलंच वाटतं.

म्हणजे माहोल जितका झकास, तितकी धोक्याची खूण उशिरा कळणार. ही त्या कलेची खोड आहे, ती ओळखून काम करावं लागतं. जगाने ही किंमत अनेकदा मोजलीय.

बोस्टन, २८ नोव्हेंबर १९४२. 'कोकोनट ग्रोव्ह' नावाचा क्लब. नकली नारळाची-ताडाची झाडं, तळघरातल्या लाउंजला छतभर कापड. परवानगी साधारण ४६० लोकांची, आत हजाराच्या आसपास. झाडांच्या आसपास आग सुरू झाली, छताच्या कापडावरून पळत वर आली. मुख्य दार गोल फिरणारं, ते गर्दीने अडकलं. बाकीची दारं कुलूपबंद किंवा सजावटीमागे दडलेली. ४९२ माणसं गेली. आणि ऐका, आठच दिवसांपूर्वी अग्निशमन खात्याचा अधिकारी येऊन तपासणी करून 'सजावट पेट घेणारी नाही' असा अहवाल देऊन गेला होता. आज जगभर सार्वजनिक जागांची दारं बाहेर उघडणारी असावीत, दाराशी सजावट नसावी, असे नियम इतके कडक आहेत, त्यामागे अशा आगी आहेत.

अमेरिकेतलंच ऱ्होड आयलंड, २० फेब्रुवारी २००३. 'द स्टेशन' नावाचा क्लब. हे प्रकरण जरा सावकाश वाचा, कारण हे आपल्या गावाच्या फार जवळचं आहे. क्लबच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास व्हायचा. तक्रारी झाल्या. मालकांनी उपाय म्हणून स्टेजच्या भोवती भिंतींना पॉलियुरेथेन फोम चिकटवला. गाद्या-पॅकिंगमध्ये असतो त्याच जातीचा. एका रात्री बँडने स्टेजवर शोभेची दारू उडवली, ठिणग्या फोमला लागल्या. सुरुवातीला लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दीड मिनिटात आत माणूस जगेल अशी स्थिती उरली नव्हती. बहुतेक जण ज्या दाराने आले त्याच दाराकडे धावले आणि तिथेच अडकले. १०० माणसं गेली.

ब्राझीलमध्ये सांता मारिया शहरात २७ जानेवारी २०१३ ला 'किस' क्लबमध्ये हेच. आवाज शोषायला लावलेला फोम, बँडची फुलबाजी, बाहेर पडायला एकच वाट. २४२ गेले, बहुतेक कॉलेजची पोरं. रुमानियात बुखारेस्टला ३० ऑक्टोबर २०१५ ला 'कोलेक्टिव्ह' क्लबमध्ये परत तेच, फोम आणि फुलबाजी. ६४ गेले. तिथे लोक 'भ्रष्टाचार जीव घेतो' म्हणत रस्त्यावर उतरले आणि आगीनंतर पाचच दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला.

आता आपल्या गावाकडे या. लाउंजच्या मागे शिक्षक कॉलनी आहे. आवाजाचा त्रास खरा आहे. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, बंद सभागृहात लावला तरी आवाज बाहेर जाता कामा नये. कॉलनीच्या तक्रारीनंतर मालक मला म्हणाले, "आता आतून सगळीकडे फोम मारून घेतो, थर्टी फर्स्टच्या आधी. मग कुणाला त्रास नाही."

ऱ्होड आयलंडच्या मालकांनी हेच केलं होतं.

बरं, या फोमने शेजाऱ्यांचा त्रास तरी जातो का? जात नाही. फोम आणि कापड आतला प्रतिध्वनी कमी करतात. कॉलनीतल्या खिडक्या थरथरवतो तो बेस, आणि बेस फोममधून आणि पत्र्यातून आरपार जातो. त्याला अडवायला वजन लागतं. वीट-सिमेंटची भिंत, फटी बुजवणं, दाराला दुहेरी दार, स्पीकर पत्र्याच्या भिंतीपासून लांब, आणि मुख्य म्हणजे बेस कमी करणं. म्हणजे पन्नास-साठ हजारांचा फोम लावून तक्रार मिटणार नाही, फक्त गोदामात सरपण भरल्यासारखं होईल. हे मी त्यांना सांगितलं. "बघू" म्हणाले. तुमच्यापैकी जे त्यांच्या रोजच्या उठबसीतले आहेत त्यांनी पण सांगा. मैत्री असेल तर आत्ता उपयोगी आणा.

आणि हे सगळं परदेशातलं आहे असं म्हणू नका. २९ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र आठवा. मुंबईत कमला मिल्सच्या आवारात दोन रेस्टोपब जळाले, १४ जण गेले. छतावरची जागा, वरून झाकण घातलेली, भरपूर सजावट. हुक्क्याच्या निखाऱ्यांची ठिणगी उडून पडद्याने पेट घेतला, असं मुंबई अग्निशमन दलाने आपल्या अहवालात म्हटलं. नंतर राज्यात २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी आली. हुक्क्याची चर्चा महिनोन्‌महिने चालली, पडद्याची तेवढी झाली नाही. ठिणगीला काय, दहा वाटा असतात. आज हुक्का, उद्या वाढदिवसाच्या केकवरची फुलबाजी, परवा सैल झालेला प्लग. ठिणगी पडली तर पुढे काय होणार, हे कापड ठरवतं.

आता काही जण म्हणतील, आम्ही क्लबात जातच नाही, आम्हाला काय त्याचं. त्यांच्यासाठी हरियाणातलं डबवाली. २३ डिसेंबर १९९५. शाळेचा वार्षिक समारंभ, जागा एक मंगल कार्यालय, वर सिंथेटिक कापडाचा मंडप, बाहेर पडायला एक दार. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. तिथे कुणी दारू पीत नव्हतं, कुणी नाचायला आलेलं नव्हतं. इराकमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या नाचाच्या वेळी फुलबाज्या लावल्या, वरची सजावट पेटली, शंभराहून अधिक वऱ्हाडी गेले.

आता तुमच्या घरातलं शेवटचं लग्न आठवा. नवरदेव-नवरीची एंट्री. दोन्ही बाजूंनी 'कोल्ड पायरो', खाली पांढरा धूर, वर पॉलिएस्टर सॅटिन आणि नेटच्या झालरी, प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा, मागे फोमच्या कोरीव भिंतीवर नावं, आणि या सगळ्यातून फिरवलेली एलईडीची माळ, एका बोर्डात चार पिना कोंबून. क्लबमधला माहोल आता मंगल कार्यालयात, लॉनवर, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मंडपात आलेला आहे. त्यातले शार्पी आणि लेझर तर मिरवणुकीतसुद्धा आलेत. गणेश विसर्जनानंतर पुण्या-कोल्हापुरात लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली तरुण पोरं नेत्रतज्ज्ञांकडे आली होती. 'कोल्ड' या शब्दावर तर जाऊच नका. त्यात धातूची भुकटी जळते. ठिणगी लांब गेल्यावर निवते, मशीनच्या तोंडाशी नाही.

लाउंज बंद केलं तरी हे सगळं गावात राहणारच आहे, हे लक्षात घ्या.

आता सरकारी बाजू. अशा ठिकाणाला किती परवाने लागतात? दारूसाठी राज्य उत्पादन शुल्क, खाद्यपदार्थांसाठी अन्न परवाना, कार्यक्रमासाठी पोलीस, बांधकामासाठी नगरपरिषद, आणि अग्निशमनचा ना-हरकत दाखला. प्रत्येक जण आपापला कागद बघतो. उत्पादन शुल्कवाला स्टॉकचं रजिस्टर बघतो, अन्नवाला स्वयंपाकघर बघतो, पोलीस बंद करायची वेळ बघतो. छताकडे कोण बघतंय?

अग्निशमनवाल्यांनी बघावं, बरोबर. राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी' द्यायचा असतो. आमची आगविझवणी यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं ते प्रमाणपत्र. यंत्रणा म्हणजे सिलिंडर, पाइप, पंप, अलार्म. जुलैत फॉर्म भरला, ऑक्टोबरात दिवाळीची थीम म्हणून छतभर नेट लावलं, डिसेंबरात त्यावर आणखी सॅटिन. कागद जुलैचा, छत डिसेंबरचं. सजावट बदलली की पुन्हा कुणी बघायला येतं का? मी नगरपरिषदेत विचारलं. उत्तर मिळालं, "तक्रार आली तर बघू." तिथल्या माणसांना दोष देत नाही, मोजकी माणसं आणि अख्खं शहर. पण तक्रार आगीनंतरच येते, ही अडचण आहे.

आणि डेकोरेटर? गावातल्या एकाशी बोललो. पेट न घेणारं कापड बाजारात मिळतं, हे त्यालाही माहीत आहे. पडद्यांच्या कापडाने पेट घेऊ नये यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५७४१. "पण मागतं कोण?" तो म्हणाला. कोटेशनमध्ये ते कापड धरलं तर दर वाढतो, आणि शेजारच्या तालुक्यातला डेकोरेटर साधं सॅटिन लावून काम घेऊन जातो. त्याचं खरं आहे. एकट्याने शहाणं व्हायचं तर धंदा जातो. नियम सगळ्यांना सारखा लावला तरच हे जमेल. नियम नगरपरिषदेने लावायचा असतो.

काही लोकांना वाटतं, सुरक्षितता आली की माहोल गेला. हे खोटं आहे. माहोल बनवणाऱ्याच्याच हातात हे सगळं आहे. कापड लावा, पण पेट न घेणारं, आणि त्याची पावती-प्रमाणपत्र ठेवा. सुती कापडावर औषध मारून घेता येतं, पण ते धुतलं की बऱ्याचदा उतरतं, परत मारावं लागतं. पॉलिएस्टरवर घरगुती उपाय चालत नाहीत. ते जळताना वितळून थेंब थेंब खाली पडतं, म्हणून ते तसंच घेतानाच योग्य जातीचं घ्यावं. कापडाचा एक तुकडा मोकळ्या जागेत, शेजारी पाण्याची बादली ठेवून, चिमट्यात धरून पेटवून बघा. काडी बाजूला घेतल्यावर तो आपोआप विझतो की पेटतच राहतो? एवढं तरी मालकाला दोन मिनिटांत कळेल. अर्थात ही घरगुती खात्री झाली, प्रमाणपत्राची जागा ती घेत नाही.

उजेड मंद ठेवा, पण बाहेरच्या वाटेच्या पाट्या बॅटरीवर, वेगळ्या, कायम चालू. त्यांचा हिरवा उजेड योजनेतच धरा, चांगला प्रकाशयोजनाकार त्याचंही सोनं करेल. आवाज मोठा ठेवा, पण अलार्म वाजला की म्युझिक आपोआप बंद आणि पांढरे दिवे आपोआप चालू, अशी जोडणी करून घ्या. इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम आहे. दोन दारं, एकमेकांपासून लांब, बाहेर उघडणारी, कडी-कुलूप नसलेली. आत फुलबाजी नाही, पायरो नाही, कुणाचाही वाढदिवस असो. आणि कामाच्या पोरांना महिन्यातून एकदा बाहेर काढायचा सराव. गोव्यात सगळ्यात जास्त तीच गेली. आपल्याकडची कितीतरी पोरं पुण्या-मुंबईत, गोव्यात हॉटेलांत राबतात, ती रात्री कुठे झोपतात, पोटमाळ्यावर की तळघरात, हे त्यांच्या आईबापांनी या आठवड्यात फोन करून विचारावं.

मग माझी भूमिका काय? लाउंज चालू राहावं की बंद व्हावं, यावर मी मत देत नाही. कायद्याने वय, वेळ आणि परवाने ठरवलेत, ते पाळले जातायत का हे बघणारी खाती आहेत. मला तिथे नाचणाऱ्या पोरांचं चारित्र्य तपासायचं नाही. ती रात्री एक वाजता घरी पोचावीत, एवढंच बघायचंय. संस्कृतीवाल्यांना सांगतो, तुमचीच मुलं त्या मंगल कार्यालयात गॅदरिंगला नाचणार आहेत. विकासवाल्यांना सांगतो, विकास आणायचा तर पुण्याचा नुसता माहोल आणू नका, दुसरं दारही आणा.

२१ तारखेला नगरपालिकेचे निकाल लागतील. नवे नगराध्यक्ष, नवे नगरसेवक येतील. गुलाल उधळून झाला की त्यांच्याकडे या गावाने तीन गोष्टी मागाव्यात, असं मला वाटतं.

एक, बार, लाउंज, मंगल कार्यालय, लॉन, शाळेचा हॉल, जिथे जिथे ५० पेक्षा जास्त माणसं जमतात आणि छताला सजावट लागते, तिथे सजावटीच्या कापडाचा आणि फोमचा कागद मागायचा. अग्निशमन दाखल्याबरोबर. सजावट बदलली की नवा कागद.

दोन, जागेत किती माणसं मावतात आणि दारं किती, याची पाटी दर्शनी भागात. आकडा मोठ्या अक्षरात.

तीन, ३१ डिसेंबरच्या आधी सगळ्या जागांची एक फेरी. बंबवाल्यांसोबत इलेक्ट्रिशियन घेऊन, दिवसाउजेडी, दिवे लावून, पडदे बाजूला सारून. नवे लोक खुर्चीत बसेपर्यंत थांबायची गरज नाही, मुख्याधिकारी आजही हे करू शकतात. मी उद्या तसं लेखी निवेदन देतोय. सही करायची असेल त्यांनी दुपारी बारापर्यंत नगरपरिषदेच्या दारात यावं. दोन्ही तटांनी यावं. या एका विषयात तट पडायचं कारण नाही.

आपलं गाव कापसाचं गाव आहे. जिनिंगमध्ये, गोदामात आग काय असते, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. याच गोदामात कापूस होता तेव्हा कुणी हमालाने बिडी पेटवली तर त्याच दिवशी त्याचा हिशेब करून बाहेर काढायचे. कापसाची एवढी काळजी घेणाऱ्या गावाने त्याच छताखाली पोरं आली तेव्हा कापड कसलं ते विचारू नये, हे बरं नाही.

थर्टी फर्स्टला जाणार असाल तर जरूर जा. लग्नाला जाणार असाल तर जेवून या. फक्त आत शिरल्यावर मोबाइल काढायच्या आधी एकदा वर बघा आणि दुसरं दार शोधा. ते सापडलं नाही तर मालकाला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर माघारी फिरा, आणि मला फोन करा. बातमी करायला मी बसलोय. जागेचं नाव छापीन, पण तुम्ही आत अडकल्यावर नाही. आधी.